कड्याखालच्या बीचवर जायचंय? आधी वर कधी यायचं ते ठरवा

तुमचा प्रश्न वाचला. थोडक्यात असा, की तुम्ही नुकतेच सॅन डिएगोला आलात, मूळचे गुहागरकडचे, पोहता येतं, समुद्राची भीती नाही. ब्लॅक्स बीच म्हणून कड्याखाली एक लपलेला बीच आहे आणि तिथे लोकल सर्फरच जातात असं ऑफिसात ऐकलंत. आता बायको, आठ वर्षांची मुलगी आणि आईबाबा आले की त्यांनाही घेऊन तिथे जावं का, कुठून उतरावं, जमलं तर तिथेच सर्फिंग शिकावं का, आणि लोकल लोक हाकलून लावतात का. मी इथे बरीच वर्षं सर्फ करतोय, नव्या लोकांना घेऊन खाली जाणं-येणंही चालू असतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही विचारलंय कुठून उतरायचं. ते सोपं आहे, खाली सांगतोच. पण कड्याखालच्या बीचचा खरा प्रश्न हा की खाली असताना तुमच्या एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला पाणी, या दोघांच्या मधे उभं राहायला जागा किती आणि ती किती वेळ राहणारे. कड्यापासून लांब राहा हे सगळे सांगतात, पाण्यापासून जपा हेही सांगतात, पण भरतीला ती मधली पट्टीच गायब झाली की यातलं कुठलंही एकच पाळता येतं. म्हणून मी बीच निवडत नाही, वेळ निवडतो. तोच बीच सकाळी दहाला लेकराबाळांचा असतो आणि संध्याकाळी सातला अजिबात नसतो.

आता बरंच काही परिस्थितीवर आहे हे आधीच कबूल करतो. महिना कोणता, गेल्या आठवड्यात पाऊस झाला का, स्वेल, म्हणजे लांबच्या वादळांतून चालत आलेल्या लाटा, कुठल्या दिशेचा, आईबाबांचे गुडघे कसे आहेत. त्यामुळे हो किंवा नाही असं एका शब्दात सांगता येत नाही.

भरतीपासून सुरू करतो कारण तुम्ही कोकणातले, तुमच्या डोक्यात तिथला हिशेब असणार. आपल्याकडे तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण निघते, अमावस्या-पौर्णिमेला दुपारी बाराच्या आसपास भरती, हे लहानपणापासून ऐकलेलं असतं. इथे तो हिशेब लावू नका. अमावस्या-पौर्णिमेला उधाण इथेही येतंच, पण वेळ वेगळी, भरती साधारण सकाळी आठ-नऊ आणि रात्री आठ-नऊच्या सुमाराला, ओहोटी दुपारी तीनच्या आसपास आणि पहाटे. आणि दुसरी गोष्ट म्हणजे दिवसातल्या दोन भरत्या सारख्या नसतात, दोन ओहोट्याही नसतात, एक मोठी एक लहान, आणि फरक चांगला दोन-तीन फुटांचा पडू शकतो. मोठी कुठली हे ऋतूवर ठरतं. हिवाळ्यात मोठी भरती सकाळी आणि मोठी ओहोटी दुपारी, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत अमावस्या-पौर्णिमेच्या दिवसांत दुपारी अडीच-तीनला पाणी इतकं आत जातं की एरवी न दिसणारी खडपं उघडी पडतात, फिरायला याच्यासारखी वेळ नाही. उन्हाळ्यात नेमकं उलटं. मोठी ओहोटी पहाटे चारला, जेव्हा कोणी जात नाही, आणि मोठी भरती रात्री आठ-नऊला.

याचा अर्थ लक्षात घ्या. जूनमध्ये सूर्यास्त आठच्या सुमाराला. माणूस ऑफिसातून सुटतो, सहाला घरच्यांना घेऊन बीचवर उतरतो, सूर्यास्त बघू म्हणतो, आणि तो जितका वेळ खाली बसतो तितका वेळ पाणी वरच चढत असतं, अंधार आणि मोठी भरती दोन्ही एकदम. इथे अडकलेले लोक मी पाहिलेत ते बहुतेक असेच. आकड्यांत बोलायचं तर मोठ्यात मोठी भरती सात फुटांच्या आसपास जाते, मुंबईच्या मानाने काहीच नाही असं तुम्हाला वाटेल, तिथे उधाणाला पाणी पाच मीटरपर्यंत चढतं. पण गुहागरला पुळणीच्या मागे सुरूची बाग आहे, पाणी वर आलं तर तुम्ही मागे सरकता. इथे मागे नव्वद मीटरची भिंत आहे.

माझा स्वतःचा नियम साधा आहे, ओहोटीच्या दीड-दोन तास आधी उतरायचं आणि ओहोटी होऊन तास झाला की सामान गोळा करायला लागायचं. अमेरिकन सरकारच्या नोआ या समुद्र-हवामान संस्थेच्या वेबसाइटवर ला होयाचं (ब्लॅक्स ज्या किनारी भागात आहे त्याचं) स्टेशन आहे, त्यावर पुढच्या वर्षापर्यंतच्या वेळा मिळतात, फुकट. फक्त एक, ते कोष्टक चंद्र-सूर्याचा हिशेब सांगतं, लाटांचा नाही. मोठा स्वेल असेल त्या दिवशी चार फुटांच्या भरतीलाही पाणी कड्याला टेकतं.

आता कडा. आपल्याकडे समुद्राकाठी काळा कातळ नाहीतर जांभा, त्याच्या सावलीत बसून डबा खायची सवय असते आपल्याला. इथला कडा म्हणजे वाळूचाच दगड, त्यात मधेमधे चिकणमातीचे थर, काही ठिकाणी नखाने ओरखडा निघेल इतका मऊ. खालून लाटा पाया खातात, आणि वरून पाणी झिरपतं, पावसाचं तर असतंच पण वरच्या बंगल्यांच्या हिरवळीला घातलेलंही असतं. ते मातीच्या थरापर्यंत पोचलं की पुढे खाली जात नाही, आडवं सरकून कड्याच्या तोंडातून बाहेर येतं. म्हणून कोरड्या कड्यावर मधेच एखादी ओली काळपट रेघ किंवा हिरव्या गवताचा पट्टा दिसला तर त्याच्या खालून जाताना मी लांबून वळसा घालतो. दुसरी खूण पायथ्याशी. पडलेली ढेकळं धारदार कोपऱ्यांची असतील तर ती ताजी आहेत, कारण लाटा दोन-चार भरत्यांत ती गोल करून टाकतात.

लोकांचा एक गैरसमज असा की दरड पावसातच पडते. पावसात जास्त पडते हे खरं, जानेवारी २०२३ मध्ये पावसाळी आठवड्यांनंतर ब्लॅक्सलाच मोठी दरड आली, नशिबाने कोणी सापडलं नाही. पण २ ऑगस्ट २०१९ ला इथून उत्तरेला एन्सिनिटासमध्ये ग्रँडव्ह्यू बीचवर भर उन्हाळ्यात, दुपारी, कडा कोसळून एकाच कुटुंबातल्या तीन बायका गेल्या. कुटुंब एकत्र जमलं होतं, कड्याच्या पायथ्याशी बसले होते. त्या दिवशी ना पाऊस ना वादळ. म्हणजे हवा बघून कड्याचा अंदाज बांधता येत नाही, अंतर ठेवणं एवढंच हातात राहतं. आणि हे कडे पश्चिमेला तोंड करून आहेत त्यामुळे सकाळी सावली नेमकी पायथ्याशीच पडते, लहान मूल असलेली माणसं तिथेच चटई टाकतात. तुम्ही छत्री न्या आणि ओल्या वाळूच्या जवळ बसा. मुलीला कड्यात गुहा खणू देऊ नका, मुलांना ती माती फार आवडते.

किती अंतर? पाट्यांवर फुटांचे आकडे असतात, मी ते किमान धरतो, जागा असेल तर त्याच्या दुप्पट. जागा नसेल तर तो दिवस त्या बीचचा नाही.

आता उतरायच्या वाटा, घाईत सांगतो. ब्लॅक्सला तीन-चार तऱ्हांनी जाता येतं. ग्लायडरपोर्ट, म्हणजे पॅराग्लायडर उडतात त्या कड्यावरच्या मैदानावर गाडी लावून खाली जाणारी वाट, पायऱ्या आणि माती, चढ खडा आहे, सर्फबोर्ड घेऊन वर येताना तरण्या माणसाचीही छाती भरते. दुसरी ला होया फार्म्सच्या बाजूने गेटच्या आतला डांबरी रस्ता, गाड्यांना बंद, चालायला सगळ्यात बरा पण चढ आहेच, आणि वर गाडी लावायच्या वेळेच्या पाट्या नीट वाचा नाहीतर तिकीट मिळेल, आपल्याकडच्या पिक्चरचं नव्हे, दंडाचं. हो ची मिन्ह ट्रेल म्हणून एक घळीतली वाट इंटरनेटवर सापडेल, तिच्यात फळ्या, दोर असले प्रकार आहेत, लेकरू घेऊन तिकडे फिरकूच नका. चौथी पद्धत म्हणजे उत्तरेला टॉरी पाइन्सच्या बीचवरून किंवा दक्षिणेला स्क्रिप्स या समुद्रविज्ञान संस्थेच्या धक्क्याकडून वाळूतून चालत येणं. चढ-उतार नाही म्हणून ही वाट आईबाबांसाठी मोहात पाडते, आणि भरतीला नेमकी हीच बंद होते. उत्तरेकडून फ्लॅट रॉकपाशी आणि दक्षिणेकडून धक्क्याच्या थोडं पुढे खडप आहे तिथे आधी पाणी लागतं. जाताना कोरडं असतं, येताना नसतं. तिकडून यायचं तर परतीची वेळ मोबाइलवर अलार्म लावूनच निघा. कड्याखाली नेटवर्कचा भरवसा नाही, तेव्हा वर कोणाला तरी आपण किती वाजता परत येणार ते सांगून ठेवा. समजा अडकलातच तर कडा चढायचा प्रयत्न करू नका, ज्यांना उचलायला लागतं त्यातले कितीतरी वर चढायला गेलेलेच असतात. शहराच्या लाइफगार्डकडे कड्यावरून माणसं काढायचं पथक आहे, ९११ लावा आणि जिथे उंच कोरडं आहे तिथे थांबा.

एक गोष्ट तुम्हाला ऑफिसात बहुतेक सांगितलेली नसणार. ब्लॅक्सच्या उत्तरेकडच्या भागात लोक कपड्यांशिवाय असतात. सत्तरच्या दशकात शहराने काही वर्षं अधिकृत परवानगी दिली होती, १९७७ मध्ये मतदान होऊन ती गेली, पण टॉरी पाइन्स स्टेट पार्ककडच्या अंगाला प्रथा चालूच आहे. कोणी कोणाला त्रास देत नाही, उलट बऱ्यापैकी सभ्य मंडळी असतात, पण आईबाबांना घेऊन ग्लायडरपोर्टच्या वाटेने उतरलात तर पहिलं दर्शन काय होईल याचा विचार करून ठेवा. डांबरी रस्त्याने उतरलात तर दक्षिणेकडे निघता, तिथे सर्फर जास्त.

आता सर्फिंग. तिथे शिकू नका. हे भीती घालायला सांगत नाही, त्याला कारण आहे. ब्लॅक्सच्या समोर समुद्राच्या तळाशी खोल दरी आहे, स्क्रिप्स कॅन्यन, आणि ती किनाऱ्याच्या अगदी जवळपर्यंत येते. खोल पाण्यात लाट जोरात पळते, उथळ पाण्यात हळू, त्यामुळे दरीवरून जाणारी लाट वाकते आणि तिची ताकद दरीच्या बाजूला, म्हणजे ब्लॅक्सवर, गोळा होते. भिंगाने ऊन एका जागी गोळा करतो ना आपण, तसंच. याच पट्ट्यातल्या लाटांवर स्क्रिप्स संस्थेतल्या वॉल्टर मंक यांनी सहकाऱ्याबरोबर १९४७ मध्ये पेपर लिहिलाय, म्हणजे ही सर्फरांची दंतकथा नाही. व्यवहारात काय होतं, तर शेजारच्या ला होया कॅन्यन या दरीच्या तोंडाशी असलेल्या ला होया शोअर्सला लाट गुडघ्याएवढी असते आणि त्याच सकाळी, तिथून चालत जाता येईल इतक्या अंतरावर, ब्लॅक्सला डोक्यावरून जाते. बरोबर रिप करंट, म्हणजे किनाऱ्यावरून आत ओढून नेणारे प्रवाह, तेही तसेच.

तुम्ही लिहिलंय समुद्र नवा नाही. मान्य, पण हा समुद्र नवा आहे. कोकणात आपण पोहतो तेव्हा, पावसाळा सोडला तर, लाटा जवळच्या वाऱ्याच्या, दर सहा-आठ सेकंदाला एक, छोट्या. इथे हिवाळ्यात उत्तर पॅसिफिकातल्या वादळांच्या लाटा हजारो किलोमीटर चालून येतात, दोन लाटांमधे पंधरा-सतरा सेकंद. लाटांचा अंदाज देणाऱ्या अॅपवर दोन्हीकडे तीन फूट असंच लिहिलेलं असतं. पण सतरा सेकंदाची तीन फूट लाट म्हणजे पाण्याचा खोलवरचा सगळा थर हलत येतो, आणि ती किनाऱ्याला उभी राहते तेव्हा तीन फूट राहत नाही. त्यामुळे उंची वाचण्याआधी सेकंद वाचा. आणि या लाटा सेटमध्ये, म्हणजे काही मोठ्या लाटा एकामागून एक अशा, येतात, मधे दहा-पंधरा मिनिटं काहीच नाही, समुद्र तळ्यासारखा. नवा माणूस नेमका त्या शांततेत पोचतो, म्हणतो काय मस्त आहे, आत शिरतो, आणि मग सेट येतो. म्हणून मी कितीही घाई असली तरी कड्यावर उभा राहून वीस मिनिटं बघतो, खाली उतरल्यावर नाही, वरूनच, कारण वरून रिप करंटच्या वाटाही दिसतात, लाटा न फुटणारे गढूळ पट्टे. मुलगी पाण्याच्या कडेला खेळणार असेल तरी हे बघाच, पाठ समुद्राकडे करून वाळूचा किल्ला करणारी मुलं सेटच्या पहिल्या लाटेलाच आडवी होतात.

पाणी थंड आहे हेही कोकणातल्या माणसाला सांगावं लागतं. हिवाळ्यात चौदा-पंधरा डिग्री, उन्हाळ्यात वीस-एकवीस, क्वचित जास्त. आपल्याकडे अठ्ठावीस. चौदा डिग्रीत पहिल्या मिनिटाला श्वास अडकतो, हात लवकर जड होतात, आणि उत्तम पोहणाराही मग उत्तम राहत नाही. वेटसूट, म्हणजे थंडी अडवणारा रबरी पोशाख, भाड्याने मिळतो, हिवाळ्यात जाड, उन्हाळ्यात पातळ. तळाला स्टिंग रे असतात, पाकटच, उन्हाळ्यात शोअर्सला तर भरपूर, त्यामुळे पाऊल उचलून टाकायचं नाही, घासत घासत चालायचं म्हणजे ती आधीच पळते. काटा लागलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवतात, लाइफगार्डकडे बादली तयार असते. आणि मोठा पाऊस झाल्यावर तीन दिवस पाण्यात जाऊ नका, काउंटीची तशी सूचनाच असते, शहराची सगळी घाण नाल्यांतून समुद्रात येते.

शिकायचं तर ला होया शोअर्स किंवा पॅसिफिक बीचजवळचं टूर्मलीन. दोन्हीकडे लाट मवाळ, मोठा फोमचा बोर्ड भाड्याने मिळतो, शोअर्सला लाइफगार्ड वर्षभर. मुलगीही तिथेच शिकेल, आणि तुमच्याआधी उभी राहील हे लिहून ठेवा. एक मोसम तिथे घालवलात की ब्लॅक्सला छोट्या लाटांच्या दिवशी या, तोवर तुम्हालाच कळेल कुठला दिवस तुमचा आहे.

लोकल लोकांबद्दल. हाकलत नाहीत. किनारा सार्वजनिक आहे, कॅलिफोर्नियात भरतीच्या रेषेखालची वाळू कोणाच्या बापाची नाही, हे राज्याच्या घटनेत आणि १९७६ च्या कोस्टल अॅक्टमध्ये आहे. दादागिरीच्या गोष्टी ऐकल्या असतील त्या बहुधा लॉस एंजेलिसकडच्या पालोस व्हर्डेसच्या लुनाडा बेच्या, तोही कड्याखालचाच. तिथल्या टोळक्याने खाली दगडांचा अड्डा बांधला होता, २०१६ मध्ये प्रकरण कोर्टात गेलं आणि त्याच वर्षी तो अड्डाही पाडला. ब्लॅक्सला तसलं नाही, बाजूलाच युनिव्हर्सिटी, त्यामुळे निम्मी पोरं विद्यार्थीच असतात. पण पाण्यात नियम आहेत आणि ते न पाळणाऱ्याला तिथे ऐकवतात, आणि बरोबर करतात. लाट जिथे फुटायला लागते त्याच्या सगळ्यात जवळ जो असेल ती त्याची, तो उठला की तुम्ही त्याच्यासमोर उठायचं नाही. आत जाताना लाटेची वाट बघत बसलेल्या सर्फरांच्या रांगेच्या मधून नाही, बाजूने वळसा घालून. बोर्ड हातातून सोडून द्यायचा नाही, मागे माणूस असतो. आणि आठ-दहा जणांचं टोळकं घेऊन एकदम जायचं नाही. मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर "चला सगळे ब्लॅक्सला" असा मेसेज तेवढा टाकू नका, अशा जागांचं शांतपण कमी लोक येतात म्हणूनच असतं.

मग आईबाबांचं काय? त्यांना खाली नेऊ नका, असं माझं मत, गुडघे धड असले तरी. त्यांना ग्लायडरपोर्टवर न्या, वर बसायला जागा आहे, खायला मिळतं, पॅराग्लायडर डोळ्यांसमोरून कड्याच्या बाहेर उडी घेतात आणि खाली ब्लॅक्सच्या लाटा पूर्ण दिसतात, खालून दिसतात त्यापेक्षा चांगल्या. शेजारीच सॉक इन्स्टिट्यूट आहे, लुई कान यांची इमारत, आपलं आयआयएम अहमदाबाद ज्यांनी बांधलं तेच. बाबांना रस असेल तर बाहेरून का होईना दाखवा.

आणि त्यांना कड्याखालची वाळू पायाला लागलीच पाहिजे असं तुमच्या मनात असेल तर एन्सिनिटासला स्वामीज बीच आहे, पक्का जिना आहे, चढताना मधे टेकता येतं. वर परमहंस योगानंदांचा आश्रम, बाग सुंदर, आईला नक्की आवडेल. त्या आश्रमाचं एक मंदिर अगदी कड्याच्या टोकाला बांधलेलं होतं, ते १९४२ मध्ये कडा खचून गेलं. बागेत कुंपणाच्या आत का राहायचं हे त्यांना वेगळं सांगावं लागणार नाही. तिथेही खाली उतरायचं ते ओहोटीलाच, भरतीला जिन्याच्या पायथ्याशी वाळू उरत नाही. एन्सिनिटासलाच बीकन्स नावाचा बीच कोणी सुचवेल, छान आहे, पण तिथली मातीची नागमोडी वाट सरकत्या दरडीवरूनच जाते, २०२२ मध्ये काही काळ बंदही करावी लागली होती, तेव्हा जायच्या आधी चालू आहे का बघा. आणि डेल मारला कड्यावरून रेल्वेचे रूळ जातात, लोक ते ओलांडून खाली उतरतात, तुम्ही करू नका, बेकायदेशीर आहे आणि गाडीचा आवाज लाटांमुळे ऐकू येत नाही.

तुम्ही आणि बायको दोघंच आधी एकदा ब्लॅक्सला जाऊन या, डांबरी रस्त्याने, ओहोटी धरून, बोर्ड न घेता. मुलीला पुढच्या वेळी. आईबाबा कुठल्या महिन्यात येतायत ते इथे लिहा, त्या आठवड्यातल्या ओहोटीच्या वेळा बघून स्वामीजला किती वाजता पोचायचं ते सांगतो.